पिंक सुटलेला नाही, संपादक महोदय

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चित्रपट-दिग्दर्शक टॅरंटिनोवरचा पानभर लेख वाचला. भाषा लालित्यपूर्ण आहे, फोटो मोठे आहेत, आणि लेखकाने चित्रपट शेवटपर्यंत पाहिले असावेत असंही दोन-तीन ठिकाणी वाटून गेलं. पण ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये ‘अखेरीस एकटा मिस्टर पिंक हिरे घेऊन निसटतो आणि दिग्दर्शक गुन्हेगाराच्या पदरात विजय टाकतो’ हे वाक्य आपण चौकटीत, ठळक टायपात छापलंत. म्हणून हे पत्र. हिऱ्यांच्या दरोड्यानंतर गोदामात जमलेल्या टोळीची ही कथा; पिंक, व्हाइट, ब्लाँड, ऑरेंज ही दरोडेखोरांची टोपणनावं, आणि ऑरेंज हा त्यांच्यात घुसलेला पोलीस.

पिंक निसटत नाही. पकडला जातो. इथे मतमतांतराला जागाच नाही, कान लावले की झालं. गोळीबार थंडावल्यावर पिंक रॅम्पखालून बाहेर येतो, हिऱ्यांची बॅग उचलतो आणि गोदामाबाहेर पळतो. कॅमेरा त्याच्या मागे जात नाही. तो आतच राहतो, रक्तात सरपटत ऑरेंजकडे जाणाऱ्या व्हाइटवर. आपली नजर तिथे खिळलेली असते आणि तेवढ्यात बाहेर सगळं घडून जातं: गाडी सुरू होते, सायरन वाजतात, आरडाओरडा, गोळ्या, आणि त्या गदारोळात गोळी लागल्याचं ओरडून सांगणारा खुद्द पिंकचा आवाज. हे सगळं साउंडट्रॅकवर आहे, फक्त दबलेलं.

पंखा गरगरत असताना टीव्हीच्या स्पीकरवर ते ऐकू येणार नाही. हेडफोन लावावेत, पिंक दाराबाहेर पडला की आवाज वाढवावा आणि डोळे मिटून घ्यावेत. सबटायटल बंद ठेवावीत, कारण ती बहुधा आतल्या दोघांचं बोलणं दाखवतात आणि मन तिकडेच ओढतात. टीव्हीत ‘संवाद स्पष्ट करा’ अशी सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी. ती पुढचं बोलणं वर उचलते आणि मागचे आवाज खाली ढकलते, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तेच गिळते. पहिल्या खेपेला नुसता सायरन कानी पडेल, दुसऱ्या खेपेला माणूस. एवढी खटपट पाच मिनिटांची. चौकट आखायला यापेक्षा जास्त वेळ लागला असेल.

आता ‘नाइस गाय’ एडी, म्हणजे टोळीप्रमुख जोचा मुलगा. जमिनीवर पडलेल्या ऑरेंजनेच एडीला टिपलं, असं लेखक छातीठोकपणे सांगतो आणि त्यावर ‘विश्वासघाताच्या रूपकाचा’ मजला चढवतो. ऑरेंजने आपलं पिस्तूल थोड्या वेळापूर्वीच ब्लाँडवर रिकामं केलेलं असतं, हे रूपकाच्या भानगडीत राहून गेलं. प्रसंगाची मांडणी सरळ आहे. जोचं पिस्तूल ऑरेंजवर, व्हाइटचं जोवर, एडीचं व्हाइटवर. एडीवर कुणाचंच नाही. बार उडतात आणि एडीही कोसळतो. मग त्याला मारलं कुणी?

याचं उत्तर कपड्यांच्या आत आहे. गोळी लागल्याचं दाखवायला नटाच्या कपड्याखाली स्क्विब बसवतात. स्क्विब म्हणजे चिमुकलं स्फोटक, अंगाच्या बाजूला जाड संरक्षक पट्टी आणि बाहेरच्या बाजूला खोट्या रक्ताची पिशवी. ठरल्या क्षणी ते वायरीतून उडवलं की कापड फाटतं आणि रक्त बाहेर येतं. नटाला झटका ऐकू आला, जाणवला, की तो पडतो. तीन माणसांचे स्क्विब एकाच शॉटमध्ये असतील तर क्रम सांभाळणं हे सर्वांत किचकट काम, कारण एक चुकला की पुढचं सगळं घसरतं. ख्रिस पेन, म्हणजे पडद्यावरचा एडी, पुढे सांगत असे की ठरलं होतं ते असं: हार्वी कायटेलने (व्हाइट) आधी लॉरेन्स टियर्नीला (जो) मारायचं, मग पिस्तूल वळवून पेनला मारायचं आणि शेवटी स्वतः पडायचं. प्रत्यक्षात पहिली गोळी झाडताच कायटेलचाच स्क्विब उडाला आणि तो पडला. पेनचा स्क्विबही उडाला, म्हणून तोही पडला. पटकथेत मारेकरी व्हाइटच आहे. पडद्यावर झाला तो क्रमाचा घोटाळा, आणि टॅरंटिनोने तो तसाच ठेवला. पुन्हा शॉट घ्यायचा तर नवे स्क्विब, नव्या पिशव्या, नवे कपडे आणि लादी पुसण्यापासून सुरुवात. त्यात लोक यावर भांडत बसतील हे तो ओळखून होता. त्याचा अंदाज चुकला नाही. आपल्या पुरवणीतही भांडण आलंच, फक्त भलत्या बाजूने.

माझी खरी तक्रार इथे आहे. सेटवरचा अपघात, चित्रपटातच दडलेलं उत्तर आणि मुद्दाम कोरी सोडलेली जागा, या तिन्हींना लेखात एकाच पोत्यात भरून वर ‘प्रतीक’ अशी चिठ्ठी लावली आहे. ‘पल्प फिक्शन’मधल्या भिंतीचंच घ्या. जूल्स आणि व्हिन्सेंट या दोन भाडोत्री मारेकऱ्यांवर ब्रेटच्या घरी एक पोरगा बाथरूममधून धडाधड गोळ्या झाडतो आणि एकही लागत नाही. त्यांच्यामागे भिंतीत गोळ्यांची भोकं आधीपासूनच दिसतात, हे लेखकाच्या नजरेला पडलं, याचं कौतुक. पण ते ‘नियतीने आधीच लिहून ठेवलेलं’ वगैरे काही नाही. ती कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ न बसल्याची चूक आहे. भिंतीला भोकं पाडल्यावर आधीचा भाग चित्रित झाला की असं होतं.

याउलट जिथे खरोखर विचार करण्याजोगं आहे, तिथे लेखक घाईत निघून जातो. जूल्स-व्हिन्सेंटचा साहेब मार्सेलस वॉलेस याला फसवून पळालेला बॉक्सर बुच घड्याळासाठी घरी परत येतो तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मशीन पिस्तूल पडलेलं असतं, आणि व्हिन्सेंट संडासात. ‘व्हिन्सेंट हत्यार विसरला’ असं एका ओळीत उरकलंय. व्हिन्सेंट ब्रेटच्या घरी साधं पिस्तूल वापरतो. मग हे कुणाचं? पुढे पाहा. बुच गाडीत बसून निघतो, सिग्नलला थांबतो आणि समोरून रस्ता ओलांडत येतो तो मार्सेलस वॉलेस. हातात डोनटचा खोका आणि दोन कप. एक स्वतःला, दुसरा कुणाला? जूल्स धंदा सोडून गेलेला, व्हिन्सेंटला जोडीदार नाही, म्हणून साहेब स्वतः पाळतीवर बसला आणि नाश्ता आणायला खाली उतरला, असं धरलं की सगळं जुळतं. दारात कुणी आल्याची चाहूल लागूनही व्हिन्सेंट सावध का होत नाही, तेही. तो साहेबच परतला असं समजत असणार. व्हिन्सेंटच्या निष्काळजीपणाला त्याच्याच पिस्तुलाने चुकून उडालेलं मार्विनचं डोकं साक्षी आहे, त्यामुळे उलट बाजूनेही बोलता येईल, ते मान्य. पण तो वाद कपांवरून घालावा लागेल.

त्याच व्हिन्सेंटची दुसरी गोष्ट लेखात नाहीच. मार्सेलसची बायको मिया मरायला टेकते ती कोकेन समजून हेरॉइन ओढल्यामुळे. तिला फरक कळू नये इतकी ती अडाणी आहे का? नाही. व्हिन्सेंटला हेरॉइन विकणारा लान्स माल देताना सांगतो की फुगे संपलेत, प्लास्टिकच्या पिशवीत दिलं तर चालेल का. हेरॉइन फुग्यात, कोकेन पिशवीत, हा त्यांचा रिवाज. व्हिन्सेंटच्या कोटाच्या खिशात मियाला सापडते ती पिशवी. अर्धं मिनिटही न टिकणाऱ्या त्या संवादात पुढच्या सगळ्या धावपळीचं कारण आहे. पण त्यात प्रतीक नाही, म्हणून बहुधा वगळलं.

जूल्स-व्हिन्सेंट साहेबासाठी परत आणतात त्या ब्रीफकेसबद्दल फार लिहीत नाही. आत मार्सेलसचा आत्मा आहे, मानेवरच्या पट्टीतून तो काढला, कुलपाचा आकडा ६६६, ही कथा जुनी आहे. ती पट्टी मार्सेलस झालेल्या व्हिंग रेम्सच्या मानेवरची खूण झाकायला होती. सहलेखक रॉजर एव्हरी सांगतो की बॅगेत आधी हिरेच होते. पण ते फार सपक वाटलं, म्हणून आत काय ते सांगायचंच नाही असं ठरलं, आणि सेटवर कुणीतरी त्यात नारिंगी बल्ब ठेवला. शिवाय बॅग उघडल्यावर रेस्टॉरंटमधला चोर ‘मला वाटतंय तेच आहे का हे?’ असं विचारतो. आत्मा पाहताक्षणी ओळखणारा भुरटा चोर लॉस एंजेलिसमध्ये असेलही, पण लेखकाने तसं स्पष्ट लिहायला हवं.

आणि ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’च्या सुरुवातीचा टिपवरचा संवाद ‘निव्वळ टाइमपास’? जो बिल भरून टेबलाशी परत येतो, नोटा मोजतो, एक कमी भरते. कुणी टाकली नाही, असं विचारतो. पटकन नाव सांगतो तो ऑरेंज: ‘मिस्टर पिंक.’ टोळीत घुसलेला पोलीस पहिल्या दहा मिनिटांत, एका डॉलरवरून, सगळ्यांदेखत चुगली करतो. संपादक महोदय, एवढं उघड आहे ते.

‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वरून बेतलेल्या हिंदी ‘काँटे’चा उल्लेख मात्र योग्य जागी आहे. त्यात महेश मांजरेकर होते हेही लिहिलं असतंत तर मराठी वाचकाला बरं वाटलं असतं. तिथे दरोडा पडद्यावर घडतो, इथे तो अजिबात दाखवलेला नाही, हा फरकही महत्त्वाचा होता.

जाता जाता. पान तीनवरच्या फोटोखाली ‘सॅम्युअल जॅक्सन’ असं छापलंय. तो व्हिंग रेम्स आहे. ‘पल्प फिक्शन’मध्ये जूल्स झालेल्या जॅक्सनच्या डोक्यावर केसांचं टोपलं आहे आणि रेम्सचं डोकं तुळतुळीत, त्यामुळे घोटाळा व्हायला खास प्रयत्न लागतात. शिवाय एकाच लेखात टॅरंटिनो, टॅरॅन्टिनो आणि तारांतिनो असे तिघे जण वावरतात. पुढच्या रविवारी स्कॉर्सेसीवर लेख येणार असल्याचं खाली जाहीर केलंय. त्याचं नाव निदान आधी एकदा ठरवून घ्यावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
अजून तरी नियमित असलेला एक वाचक,
डोंबिवली