अण्णांचा 'क'

गावभाग, सांगली
१४ जुलै

प्रिय पश्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. वास्तुशांतीला आलो नाही, तुझा फोन दोनदा उचलला नाही, वहिनींच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला. कारण काही नव्हतंच. एकदा उशीर झाला की त्याच लाजेनं माणूस आणखी उशीर करतो, तसलं झालं. इकडे सगळे ठीक. आईची साखर ताब्यात आहे, अण्णांचा गुडघा होता तसाच. पाऊस आहे, पण आयर्विन पुलाजवळ पाणी इशाऱ्याच्या ४० फुटांपेक्षा बरंच खाली आहे. तेव्हा पत्र अर्धवट ठेवून 'सामान माळ्यावर चढवलंस का' असा फोन करू नकोस.

निळी परत सुरू केलीय.

हो, तीच. आपली आठ पूर्णांक नऊ इंची नेटबुक, लॅपटॉपचं पिल्लू. जिच्यापायी तू माझ्याशी सव्वा वर्ष बोलला नव्हतास. २०१९ ला ती माळ्यावर होती म्हणून वाचली आणि अण्णांच्या डायऱ्या खालच्या कपाटात होत्या म्हणून गेल्या. त्या रात्रीचं तुला काय सांगायचं, डायऱ्यांचा लगदा तूच उचलला होतास. तर गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी ठरवलं, जेवढं आठवतंय तेवढं परत लिहायचं, आणि या खेपेला कागदावर नाही. नवीन लॅपटॉप आणतो म्हटलं. "ह्याला काय धाड भरलीय?" दिवाणजी शेवटी. शिवाय दुकानातनं आणलेल्या त्यांच्या त्या उतरत्या डेस्कवर निळीच मावते, मोठं काही ठेवलं की घसरतं.

आता बघ. अण्णा एका बोटानं 'क' दाबतात. पडदा ढिम्म. चष्मा वर करून बोटाकडे बघतात, परत दाबतात. मग जरा जोरात. मग माझ्याकडे बघतात. आणि एवढ्यात एकदम 'ककककक' अशी रांग लागते. ती एकेक करून खोडायची, तर खोडतानाही तेच, गरजेपेक्षा जास्त खोडलं जातं. एक दिवस म्हणाले, "अरे, मी म्हातारा झालोय का हे?" मी म्हटलं, हे.

पण नक्की काय म्हातारं झालंय ते मला ठाऊक नव्हतं. प्रोसेसर म्हणावा, तर ॲटम एन२७० काही घोडा नाही, पण 'क' काढायला घोडा कशाला लागतो? मग तुझीच जुनी सवय, मशीन कशात अडकलंय ते दाखवणारा 'टॉप' चालवून बसलो. आणि पश्या, प्रोसेसर मोकळा बसलेला! 'डब्ल्यूए'चा आकडा मात्र नव्वदच्या वर. म्हणजे डिस्कची वाट बघत बसलेला. मोजलं तर मोठी फाइल वाचायला सेकंदाला ३४ एमबी, लिहायला जेमतेम ७. आणि बारीकसारीक तुकडे इकडेतिकडे लिहायचे म्हटले की सांगायलाही लाज वाटेल असा आकडा.

नावाला एसएसडी रे ती, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश चिपांची डिस्क. ८ जीबी. बदलावी तर नेहमीच्या साटा जोडणीची नाही, कागदासारख्या पट्टीनं जोडलेली, तसली आता कुठं शोधायची? का मंद आहे हे वाचलं तेव्हा अर्धंच कळलं. पूर्ण कळलं ते अण्णांमुळे, कारण त्याच आठवड्यात ते हरिपूरच्या पेवांवर, हळद साठवायच्या जमिनीखालच्या त्या खड्ड्यांवर, लिहीत होते. पेव एकदा उघडलं की त्यातलं एक पोतं काढून झाकण लावता येत नाही, सगळी हळद बाहेर काढायची. फ्लॅशचं तेच. लिहिताना ४ केबीची पानं लिहिता येतात, पण भरलेल्या पानावर परत लिहायचं तर आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एकटं पान पुसत नाही, शेकडो केबीचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. चांगल्या डिस्कमधला कंट्रोलर हुशारीनं दुसरीकडे जागा शोधतो आणि पुसायचं काम सवडीनं करतो. आपल्या निळीतला बिचारा दर पोत्याला पेव रिकामं करतो.

मग बारकी बारकी पोती बंद करायच्या मागे लागलो. फाइल नुसती वाचली तरी 'वाचली' अशी वेळेची नोंद होते, ती 'नोएटाइम' लावून बंद केली. (२००९ पासून निळीवरची ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, ती नोंद आपणहूनच कमी करते, त्यामुळे फरक माझ्या मनातच जास्त पडला असेल.) ब्राउझरचा कॅशे, म्हणजे त्यानं साठवलेली पानं, रॅममध्ये. डिस्ककडे कुणाचं काम आधी ते ठरवणारा शेड्युलर बदलून 'बीएफक्यू' केला. गिरणीत वीस किलोचं दळण चालू असताना अर्धा किलोवाल्या म्हातारीला मध्ये घेतात ना, ते काम तो करतो. आणि स्वॅप, रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची उसनी जागा! तू २०१० ला त्या कासवावर १ जीबी स्वॅप ठेवली होतीस, आणि रॅम होती ५१२ एमबी. रॅम भरली की सगळं त्या पेवात. तू 'रॅम वाढव' म्हणत होतास ते बरोबर होतं, मान्य, लेखी देतो. पण रॅम वाढवल्यावरही स्वॅप तिथंच ठेवणारा तूच. निम्मा गुन्हा तुझा. स्वॅप काढली, झेडरॅम लावलं, म्हणजे रॅममध्येच दाबून बसवायचं.

एवढं करून निळी चालायला लागली. पण दर मिनिटाला पंधरा-वीस सेकंद डोळे पांढरे करायची ते काही थांबेना. घड्याळ लावून बसलो. बरोबर दर मिनिटाला. आणि मग डोक्यात प्रकाश पडला, तो नसता पडला तर बरं झालं असतं.

ते मीच करून ठेवलं होतं. पुरात डायऱ्या गेल्या तेव्हापासूनची धास्ती, म्हणून अण्णा ज्यात लिहितात त्या लिबरऑफिसला दर मिनिटाला आपोआप जतन करायला सांगितलेलं. आणि अण्णांनी त्याच एका फाइलमध्ये जुने ३८ फोटो चिकटवलेले. दर मिनिटाला ६० एमबीचं बाड, ७ च्या वेगानं. डिस्क काय करणार?

इथं मी जे केलं ते तुला सांगायला आठ दिवस घालवले. मी ते जतन करणं बंद करून टाकलं. पूर्णच. वेग आला म्हणून खूश, अण्णांना म्हटलं, आता पळवा. गुरुवारी त्यांनी पळवलं. दुपारी दोन ते चार, पेवांचं प्रकरण, शेवटचं. पेव उघडताना आतली हवा बाहेर जाईपर्यंत थांबायचं, घाईनं उतरलेल्या एका हमालाचं काय झालं, ते सगळं. बॅटरी २०१४ सालीच गेलीय. चार वाजून काही मिनिटांनी लाइट गेली.

मी बाहेरनं आलो तर अण्णा काळ्या पडद्यासमोर बसलेले. रागावले नाहीत. "गेलं का रे?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. निळी मिटली, बाजूला सरकवली आणि आईच्या किराण्याच्या वहीची मागची पानं उलटून लिहायला लागले. तेव्हापासून कागदावरच. वही कुठं ठेवतात माहितेय? त्याच कपाटात. खालच्या खणात.

पाणी अजून ४० च्या खाली आहे हे मी वर लिहिलं ते स्वतःलाच सांगितलं.

आता सगळं नीट केलंय. फोटो काढून वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी. नुसता मजकूर किती भरतो, चाळीस-पन्नास केबी! दर दोन मिनिटांनी जतन होतं आणि अण्णांना पत्ताही लागणार नाही. अडाप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावलाय. रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर नोएटाइमच्या नादालाही लागायची गरज नव्हती. पण तुला माझी पद्धत माहीत आहे, आधी इंजिन उघडायचं, मग टाकीत पेट्रोल आहे का ते बघायचं.

अडचण एकच, अण्णा निळीसमोर बसत नाहीत. मी सांगितलं की "बघू" म्हणतात. आई म्हणते, तू परत परत सांगू नकोस. तुझं ऐकतील, तुझं कायमच ऐकत आलेत, मला त्याचा राग येतो पण आत्ता येऊ दे. नुसता फोन करू नकोस, साताऱ्याहून एक रविवार ये. हमालाचं प्रकरण मला सांग म्हणून त्यांच्याशेजारी बस आणि तू टाइप कर. मी खोलीत येणार नाही.

तुझं कसं चाललंय? नव्या घरात गळत नाही ना? पोरगीच्या दहावीचं कळलं, छानच, आईनं देवापुढे साखर ठेवली. बदलीचं काय झालं ते आल्यावर सांग. पेढे कंदीच आण, अण्णांना दुसरे चालत नाहीत. इकडनं भडंग देतो, वहिनींना तिखट चालतं का विचारून ठेव.

तुझा,
सुन्या

ता. क. तू निळी उघडलीस तेव्हा एक स्क्रू उरला होता आणि 'तो जास्तीचाच होता' म्हणून तू भांडलास. परवा डिस्क बघायला उघडली. कीबोर्डखाली उजव्या हाताला एक भोक रिकामं आहे, बरोब्बर 'क'च्या खाली. तुझा तो बारका पेचकस घेऊन ये. स्क्रू माझ्याकडे आहे, मी टाकला नव्हता.