पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलास

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू 'बरा आहे' यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. गेल्या खेपेस आलास तेव्हा पहाटेपर्यंत जागा होतास आणि आईच्या धपाट्यांनाही तू हात लावला नाहीस. झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, मित्रांना टाळणे, आवडत्या गोष्टीतही मन न रमणे, असे सलग दोन आठवडे चालले तर डॉक्टर नैराश्याची शक्यता तपासतात. याला आळस म्हणणे चूक आहे, आणि 'मन घट्ट कर' म्हटल्याने ते जातही नाही.

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत तुझ्यासारखी गावाकडची कितीतरी मुले कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून, मेसचे जेवण जेवून, अभ्यासिकेत दिवस काढतात. परीक्षांच्या तारखा पुढे जातात. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि बहुपर्यायी प्रश्नांवर बेतलेली तयारी अनेकांना नव्याने मांडावी लागली. इकडे वय वाढते, सोबत्यांची लग्ने होतात. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र हा स्पर्धकही असतो, त्यामुळे मन मोकळे करायला जागा उरत नाही. (एवढ्यातही ज्यांना काहीच होत नाही, त्यांचेच मला नवल वाटते.)

माझे म्हणणे एवढेच, की निकालाची वाट न पाहता आताच मानसोपचारतज्ज्ञांना भेट. ससून रुग्णालयातही तो विभाग आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. नुसते बोलावेसे वाटले तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार गेले, तर त्याच क्षणी तिथे फोन कर आणि मलाही उठव, मग कितीही वाजलेले असोत.

निकालाची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचे ते मी पाहीन, खर्चाचेही मी पाहीन. तयारी सोडायची की नाही, हे मात्र तब्येत सुधारल्यावर ठरवावे. आज तो निर्णय नको. भेटीची वेळ ठरली की कळव. सोबत हवी असेल तर रात्रीच्या गाडीने निघतो.

तुझे बाबा