ढग हलू लागले की

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, फोटोही निवांत पाहिले. डोंगर देखणा, आभाळ निळंभोर, तरी फोटोत जीव नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. त्याचा दोष कॅमेऱ्याला देऊ नकोस. भर दुपारच्या निरभ्र उजेडात घळी, सोंडा, कडे सगळं सपाट दिसतं. पुढच्या वेळी हवा पक्की असेल तेव्हाच जाईन, असं तू लिहितोस. मला विचारशील तर हवा पालटत असेल तेव्हाच जा.

पाऊस थांबून उघडीप मिळू लागते, तो वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, त्यामुळे लांबची रांगही रेखीव दिसते. ढगांच्या फटीतून ऊन एखाद्या डोंगरधारेवर उतरतं आणि सरकू लागतं. आधी खडकाची कड उजळते, मग ओली घळ लखलखते, मग पायथ्याची झाडं. तोवर वरचा खडक पुन्हा काळवंडलेला असतो. हे सगळं मिनिटभरात उरकतं. म्हणून फ्रेम आधी लाव, ऊन कुठे पडलं की चित्र जमेल ते मनाशी ठरव आणि थांब. ढग कुठून कुठे चाललेत हे बघत राहिलास तर ऊन तिथे येणार की नाही, याचा अंदाज बांधता येतो.

धावायचंच असेल तर गॅलन रोवेलसारखं धाव. हा अमेरिकी गिर्यारोहक छायाचित्रकार १९८१ साली तिबेटमधल्या ल्हासात होता. इंद्रधनुष्य दिसताच तो पळत सुटला, ते पोताला राजवाड्यावर टेकेल अशी जागा गाठायला. इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर दिसतं, त्यामुळे आपण सरकलो की तेही सरकतं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून कुठे जायचं तेही कळलं. खाली दरीत धुकं आणि पाठीमागे ऊन असेल तर कड्यावरून इंद्रवज्रही दिसू शकतं. आपल्याच सावलीभोवती रंगीत कडं. एवढ्यासाठी तरी अधूनमधून सूर्याकडे पाठ करून बघत जा.

पहाटे शिखरं तांबूस होतात. कलता प्रकाश हवेच्या जाड थरातून येताना त्यातला निळा विखरून जातो आणि लाल उरतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटा आपोआप जुळवणारी सोय, नेमकी तीच लाली कमी करायला बघतो, तेव्हा तो ‘डेलाइट’वर, ५५०० केल्व्हिनच्या आसपास ठेव. त्या वेळी शिखर झळाळतं आणि दरी अंधारात असते. हा फरक एका फोटोत मावत नाही. कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो (एक्स्पोजर) घे, म्हणजे नंतर जोडता येतील, किंवा वरून गडद आणि खाली पारदर्शक असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर लाव. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आदळला तर ढगांचा पोत गेलाच समज, तो नंतर परत आणता येत नाही. बर्फ किंवा दाट धुकं असेल तर उलट. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाशमापक, पांढऱ्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची अंगाशी खिशात ठेव. गारठ्यातून उबेला येताना कॅमेरा बंद पिशवीत असू दे, म्हणजे काचेवर बाष्प धरणार नाही.

एका बाबतीत मात्र माझं ऐकच. गडगडाट ऐकू आला की धार सोड आणि खाली उतर, समोर कितीही अप्रतिम उजेड असो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी वर जायचं नाही.

त्याच डोंगरावर पुन्हा जा, आणि या खेपेला निवडलेले चार फोटो न पाठवता त्या उघडिपीतल्या सगळ्या रॉ फाइल्स पाठव, फसलेल्यासुद्धा. ऊन कुठून कुठे गेलं, ते मला क्रमानं बघायचंय.

तुझा,
अनिरुद्ध