कायदामंत्री साहेब, सुप्रीम कोर्ट दिल्लीच्या बाहेर कधी बसणार?

मा. केंद्रीय कायदामंत्री,

साहेब, नमस्कार. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, चाळीसेक वर्षं वकिलांनी मोर्चे काढले, काम बंद ठेवलं, तेव्हा कुठे. आता सांगली-सोलापूरच्या माणसाला मुंबईचे हेलपाटे नाहीत. पण केस वर गेली की पुन्हा दिल्लीच!

आमच्याकडचे एक काका भूसंपादनाची केस लढतायत. हायकोर्टात जिंकले, लगेच समोरच्यांनी एसएलपी, म्हणजे सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारी याचिका, टाकली. म्हणजे हरल्यावर नाही, जिंकल्यावर दिल्ली नशिबी आली. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री गाडीत, आणि कोर्टात मॅटर जेमतेम काही मिनिटं चालतं, मग पुढची तारीख. व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि चांगलीच सोय आहे, पण वकिलामार्फत केस दाखल करायला अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच (सुप्रीम कोर्टात केस दाखल करायचा अधिकार असलेला वकील) लागतो आणि त्याचं ऑफिस कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असायला हवं असा सुप्रीम कोर्टाचाच नियम आहे. तासगावचा वकील कितीही हुशार असो, दिल्लीतल्या वकिलाची फी चुकत नाही.

आणि हे सगळं घटनेत अडतंय असंही नाही. कलम १३० सरळ सांगतं की कोर्ट दिल्लीत बसेल किंवा सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या मंजुरीने ठरवतील त्या एका किंवा अनेक ठिकाणी. लॉ कमिशनने २००९ च्या २२९ व्या रिपोर्टमध्ये आराखडाही दिलाय, घटनापीठ दिल्लीतच ठेवा आणि अपिलांसाठी चार दिशांना बेंच करा, त्यात पश्चिमेसाठी मुंबई. नॅशनल कोर्ट ऑफ अपीलचा, म्हणजे हायकोर्टांवरची अपिलं ऐकायला वेगळं कोर्ट काढायचा, प्रश्नही २०१६ मध्ये घटनापीठाकडे पाठवला गेला.

कोर्टाचं म्हणणं असं की बाहेर बसलो तर एकसंधपणा जाईल. मला हे काही पटत नाही. आत्ताही दोन-दोन, तीन-तीन जज वेगवेगळ्या कोर्टरूममध्ये बसूनच काम करतात ना. आपलं मुंबई हायकोर्ट मुंबई, नागपूर, संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर असं बसतं, म्हणून काय पाच हायकोर्टं झाली का? घटनेचा अर्थ लावायचा, केंद्र-राज्य भांडण सोडवायचं, कायदा रद्द करायचा, ते दिल्लीत होऊ दे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण भाडेकरू-मालकाचं अपील, नोकरीतल्या प्रमोशनचं भांडण, बांधावरून सुरू झालेला दावा, हे पण तिथेच? १९५० ला आठ जज होते, २०१९ ला मंजूर संख्या ३४ झाली तरी ८० हजारांच्या वर केसेस पडून आहेत, आणि दिल्ली, पंजाब-हरियाणासारख्या जवळच्या हायकोर्टांतून अपिलं प्रमाणाबाहेर जास्त येतात. लांबचे लोक भांडत नाहीत असं थोडंच आहे, त्यांना परवडत नाही एवढंच.

संसदेत कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, कोर्टाने प्रस्ताव मान्य केला नाही. ते खरंच आहे, पण राष्ट्रपतींची मंजुरी म्हणजे शेवटी तुमचंच मंत्रिमंडळ, म्हणजे अर्धी चावी तुमच्याकडे आहे. सरन्यायाधीशांना लेखी कळवा ना की मुंबई बेंचला सरकार मंजुरी द्यायला तयार आहे, जागा देतो, स्टाफ देतो, निदान दोन वर्षं ट्रायल म्हणून बसून बघा. आणि पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न आला तर कोर्टाने काय म्हटलं ते सांगू नका, ते आम्हाला माहितीये. तुम्ही ते पत्र किती तारखेला पाठवलंत ते सांगा.

आपला,
एक पक्षकार, जि. सांगली