कॅमेरे आधी कपाटात ठेवायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

स्नेहसंमेलनात तुमचा सत्कार करायचा आमचा बेत तुम्ही हाणून पाडलात. "शाल? सोलापुरात? द्यायचीच तर चादर द्या, थंडीत उपयोगी तरी पडेल," असं म्हणून मुख्याध्यापकांनाही हसवलंत आणि त्या दिवशी लग्नाच्या फोटोंची ऑर्डर आहे सांगून फिरकला नाहीत. फोनवर आभार मानायला लागले की तुमच्याकडे नेमकं गिऱ्हाईक येतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. इथं मला मधेच तोडता येणार नाही. नातवाला सांगून ठेवलंय, आजोबांना पूर्ण वाचून दाखवायचं.

इतर वाचकांना थोडी पार्श्वभूमी. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. मुलांकडून एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायची, फळ्यावर सुविचाराभोवती वेलबुट्टी काढायची आणि २६ जानेवारीला मैदानात रांगोळी घालायची, हे माझं काम. माजी विद्यार्थ्यांनी दोन जुने डीएसएलआर कॅमेरे शाळेला भेट दिले आणि नववीच्या मुलांना फोटोग्राफी शिकवायचं माझ्याकडे आलं, कारण 'चित्राचं बाईंना कळतं'. चित्राचं कळतंही. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती आकड्या-अक्षरांची चकती मला परकी होती. तेव्हा नवी पेठेतल्या गल्लीतला तुमचा स्टुडिओ आठवला. आमच्या दहावीच्या मुलांचे ग्रुप फोटो वर्षानुवर्षं तुम्हीच काढता.

तुम्ही आलात, कॅमेरे उलटसुलट करून पाहिलेत, भिंगावर बुरशी नाही याची खात्री केलीत आणि म्हणालात, "मॅडम, हे कपाटात ठेवा. मी सांगेन तेव्हा काढा."

मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

पहिल्या तासाला तुम्ही मागवलंत ते काळा कार्डशीट, चिकटपट्टी आणि ज्याच्या घरी असतील त्यानं आणायच्या चादरी. असं साहित्य कमी पडेल असं हे गावच नाही! चित्रकलेच्या खोलीच्या खिडक्या दुहेरी चादरींनी झाकल्या, रस्त्याकडच्या खिडकीला कार्डशीट लावला आणि त्यात रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. डोळे अंधाराला सरावले तशी समोरच्या भिंतीवर आमच्या फाटकाबाहेरची अख्खी गल्ली उतरली, आभाळ खाली, रस्ता वर आणि कडुनिंब शेंड्यावर उभा. एक रिक्षा उलटी होऊन वरून गेली तेव्हा जो ओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धावत आले. मग तेही बसून राहिले.

तुम्ही भोकावर दुसरा कार्डशीट लावलात, पेन्सिल जाईल एवढ्या भोकाचा. चित्र रेखीव झालं पण अंधारलं. काढलात, उजेड आला पण कडा विरघळल्या. "कुठलं बरोबर?" असं एकीनं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तुला काय पाहिजे त्यावर." अ‍ॅपर्चर हा कॅमेऱ्यातल्या अशा भोकाचा शब्द तुम्ही त्या दिवशी उच्चारलाही नाहीत. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे. तो शिकवताना आमच्या विज्ञानाच्या बाई आता खोली अंधारी करून मागतात.

शब्द आला पुढच्या शनिवारी आणि त्याबरोबर नवशिक्यांचा नेहमीचा गोंधळ. एफ २ म्हणजे मोठं भोक आणि एफ १६ म्हणजे बारीक, हे उलटं का? मी भागाकार करून दाखवायला खडू उचलला होता. नाभीय अंतराला, म्हणजे भिंगापासून लांबचं चित्र रेखीव उमटतं तिथपर्यंतच्या अंतराला, त्या आकड्यानं भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ वर २५ मिलिमीटर, एफ १६ वर जेमतेम ३. तुम्ही मधेच विचारलंत, "कडक भाकरीचा अर्धा तुकडा मोठा का सोळावा?" खडू मी खाली ठेवला. नववीत कुणालाही ते परत समजवावं लागलेलं नाही.

आणि तुमचा तो छत्तीस चौकोनांचा कागद! जुन्या फिल्मच्या रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे, म्हणून प्रत्येकाला छत्तीस चौकोन आखलेला कागद. एक फोटो, एक फुली. कागद संपला की महिना संपला. "काका, डिलीट करून परत काढला तर?" "डिलीट नाही बे. बिघडलेला पण मोजायचा." फोनमध्ये हजारो फोटो असलेली ही मुलं फुली मारायची वेळ आली की कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यायला लागली, दोन पावलं सरकून परत बघायला लागली. पहिल्या महिन्यात माणसांचे चेहरे काढायचेच नाहीत, हा तुमचा दुसरा नियम मात्र काहींना झेपला नाही. तीन-चार मुलं क्रिकेटला परत गेली. तुम्ही त्यांना अडवलं नाहीत. मी अडवलं असतं. यावर आपलं अजून एकमत नाही.

एकमत नसलेल्या गोष्टींत चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून मुख्य गोष्ट रेघेवर ठेवायच्या नियमाचाही नंबर लागतो. तुम्ही त्याला 'पुस्तकी' म्हणता. मी पडद्यावरच्या रेघा चालू करून देते आणि देत राहीन. ज्याला कशाचाच आधार नाही त्याला रेघ लागते. मोडायची ती पुढं मोडेल.

उजेडाचं मात्र तुमचं सगळं मान्य. जुन्या रोलच्या खोक्यावर छापलेला तक्ता तुम्हाला पाठ आहे. भर उन्हात एफ १६ ठेवायचं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० असेल तर शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग उघडं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बंद ठेवून मुलांनी मैदानात हे करून पाहिलं आणि फोटो नीट आले. त्यांना वाटलं जादू आहे, तुम्ही म्हणालात ऊन आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. दुपारी बारा वाजता माणूस उभा केला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. त्याला उंबऱ्याच्या एक पाऊल आत घ्यायचं, तोंड बाहेर उजेडाकडे. तरी हनुवटीखाली अंधार राहिलाच तर कुणीतरी छातीशी पांढरा टॉवेल धरायचा, घरात असतोच, टेरीचा. बाजारात रिफ्लेक्टर मिळतो, मी किंमतही विचारून आले होते. आता विचारत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर तुम्ही मुलांचा कॅमेऱ्यावरचा विश्वासच उडवलात, आणि ते बरं केलंत. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर सगळे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात. मुलांच्या फोटोत ती बाराबंदी मळक्या राखेच्या रंगाची. "कॅमेरा पांढऱ्याला घाबरतो. त्याला वाटतं उजेड जास्त झाला. तुम्ही सांगा त्याला, घाबरू नको," असं म्हणून तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, एक पायरी वर घ्यायला लावलंत. मीटर समोरच्या सगळ्याचा मध्यम करडा रंग गृहीत धरतो, हे कारण मी नंतर फळ्यावर लिहिलं. आमच्या एका मुलानं त्याखाली लिहून ठेवलं होतं, 'काळ्या म्हशीला उलटं करायचं.' म्हणजे एक पायरी खाली. अगदी बरोबर आहे.

आता खरं ते लिहिते. माझं आभाराचं कारण वर सांगितलेल्यात नाही.

आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरं यंत्रमागावर आणि विडीवर चालतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैदानात हिंदी. माणसांचे फोटो काढायची परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यांना आपल्याच गल्लीत जायचं होतं. तुम्ही आधी कारखान्यात नेलंत, एका मुलीचे वडील जिथं माग चालवतात तिथं. मुलींच्या वेण्या-ओढण्या आधी बांधायला लावल्यात. आत शिरल्यावर कुणाचं कुणाला ऐकू येईना. सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा तो खडखडाट ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. तिथं परवानगी कशी मागायची? तुम्ही दाखवलंत. कॅमेरा छातीशी धरायचा, भुवया उंचावायच्या आणि थांबायचं. समोरच्यानं मान हलवली तर वर घ्यायचा. नाही हलवली तर हात जोडून पुढं जायचं. एकानं मान हलवली नाही, आणि आमच्यातला सगळ्यात धीट मुलगा हात जोडून पुढं गेला. तो फोटो कुणाकडेच नाही.

काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. मुलांना वाटलं कॅमेरा गेला. तुम्ही बाहेर येऊन चहा पिता पिता सांगितलंत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. आपल्याला दिसत नाही, पण वेगवान शटरला दिसतं. शटर १/१०० किंवा १/५० ला आणा. "मग धोटा हलेल की, काका." "हलू दे. धोटा हलायलाच असतो. माणूस स्थिर आला पाहिजे." खांबाला कोपर टेकवून, श्वास धरून त्या मुलीनं वडिलांचा फोटो काढला. चेहरा, कपाळावरचा घाम, केसांतला कापसाचा भुगा सगळं स्पष्ट आणि हातापुढं धोट्याची नुसती पांढरी रेघ. बापलेकी तो फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकून बघत होते तेव्हा तुम्ही तिसरीकडेच बघत होता, हे मी पाहिलंय.

विड्यांच्या गल्लीत तर पहिल्या दिवशी तुम्ही कॅमेरे पिशवीतून काढूच दिले नाहीत. ओट्यावर सूप मांडीत घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या. मुलांना ते 'भारी' दिसत होतं. तुम्ही त्यांना शेजारी बसवलंत, तेलुगूत विचारायला लावलंत. कामाला किती वाजता बसता, पान कधी भिजवता, बोटं दुखतात का. एक आजी म्हणाल्या, माझा फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा, तो बघून पोलीस पकडतील. सगळी गल्ली हसली. मग त्यांनीच सांगितलं, उद्या या, मी दुसरं लुगडं नेसते. मुलांना कामाच्या कपड्यातला फोटो हवा होता आणि माझंही मन तिकडेच होतं. तुम्ही ठामपणे म्हणालात, "फोटो त्यांचा आहे. त्यांना नव्या लुगड्यात पाहिजे तर नव्या लुगड्यात." आजी नव्या लुगड्यात, हातात काही नाही, सरळ भिंगाकडे बघतायत, असा तो फोटो आहे. वर्षभरातल्या फोटोंत माझा सर्वात आवडता.

चार बाय सहाची प्रिंट काढून ज्याची त्याला घरी नेऊन द्यायची, हा तुमचा शेवटचा नियम, आणि त्याशिवाय छत्तीस चौकोनांचा नवा कागद नाही. प्रिंटचे पाच रुपये मुलांकडूनच घेतलेत. "फुकट दिलं तर निवडणार नाहीत," असं सांगून. फोनवरून पाठवलेला चालणार नाही, आणि कुणाचाही चेहरा स्टेटसला टाकायचा नाही. मुलं कुरकुरली. आता त्यांच्यातलीच दोघं दुसऱ्यांना दटावतात.

आणि काकू. मुलींना संध्याकाळी गल्ल्यांत पाठवायला घरचे तयार नव्हते, ते काकू बरोबर येणार म्हटल्यावर तयार झाले. होमाई व्यारावाला यांची गोष्ट मी वर्गात सांगितली होती, की १९१३ साली जन्मलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून दिल्लीत काम करायच्या, 'डालडा १३' या टोपणनावानं फोटो द्यायच्या. मुलींना नाव फार आवडलं. पण त्या गोष्टीनं एकाही पालकाचा होकार मिळाला नाही. तो काकूंच्या पाण्याच्या बाटलीनं आणि "मी हाय की संगट" या वाक्यानं मिळाला. त्यांचे आभार वेगळ्या पत्रात मानले पाहिजेत.

आता कामाचं. पावसाळ्यासाठी कॅमेऱ्यांच्या डब्यात घालायला सिलिका जेलच्या पुड्या आणल्यात, तुम्ही म्हणालात तशा निळ्या, ओल धरली की गुलाबी होणाऱ्या. तुमच्या जुन्या डार्करूममधला लाल बल्ब गेलाय म्हणत होता, तोही मिळाला. फोटो पक्का करायचा हायपो कुठं मिळेल ते तुम्ही बघा. नवीन नववी जूनमध्ये येईल. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेदहाला सुटते. चादरी आणायला मी सांगते. लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आधी शनिवार तेवढे मोकळे ठेवा.

आपली,
चित्रकलेच्या मॅडम आणि नववीची मुलं, सोलापूर