प्लास्टरसोबत मराठीत एक कागद द्या: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला आता उजवे पाऊल वर उचलता येत नाही. या पावसाळ्यात त्याची दुचाकी खड्ड्यात आदळली, गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली आणि मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत कच्चे प्लास्टर घालून, सकाळी ऑर्थोच्या ओपीडीत या असे सांगून त्याला घरी पाठवण्यात आले. केसपेपरवर जाळीसारखे एक चिन्ह, पुढे इंग्रजी आद्याक्षरे आणि गोळ्यांची नावे होती. त्या चिन्हाचा अर्थ फ्रॅक्चर, हे आम्हाला औषधाच्या दुकानदाराने सांगितले.

रात्री वेदना वाढतच गेल्या. गोळीने उतार पडेना, बोटे बधिर झाली आणि अंगठा हलकेच वर ओढला तरी तो किंचाळू लागला. रुग्णालयात फोन केला तेव्हा ‘प्लास्टर घातल्यावर दुखणारच’ असे उत्तर मिळाले. कंपार्टमेंट सिंड्रोम हे नाव आम्ही दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहाबाहेर प्रथम ऐकले. स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात सूज आणि रक्त साचून दाब इतका वाढतो की रक्तपुरवठा खुंटतो आणि साधारण सहा तासांत स्नायू व मज्जातंतू कायमचे निकामी होऊ लागतात. पावलाची नाडी लागत असली तरीही हे घडू शकते. अशा वेळी प्लास्टर ताबडतोब कापावे लागते आणि तेवढ्याने न भागल्यास कप्प्याचे आवरण चिरून दाब मोकळा करावा लागतो. ही चार वाक्ये मराठीत आमच्या हाती असती, तर आम्ही त्या रात्रीच त्याला उचलून परत आणले असते. आज तो चाळीचा जिना बसून, एकेक पायरी सरकत उतरतो. त्याची नोकरी गेली आहे, आणि आई त्याच्या पायाकडे पाहायचे टाळते.

महोदय, हे ज्ञान गहन नाही. हाड मोडणे म्हणजे फ्रॅक्चर, सांध्यातली हाडे जागेवरून सरकणे म्हणजे डिसलोकेशन अर्थात सांधा निखळणे. सांध्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, ताणले किंवा फाटले तर ते मुरगळणे, म्हणजे स्प्रेन; स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारा कंडरा ताणला गेला तर स्ट्रेन. मोडलेल्या हाडाच्या जागी कातडी फाटून जखम आत हाडापर्यंत पोहोचली असेल, तर ते उघडे फ्रॅक्चर. त्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असल्याने प्रतिजैविक लवकरात लवकर द्यावे लागते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न सांडता आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते. निखळलेला खांदा घरी ओढून बसवू नये, मुका मार समजून सुजलेला पाय चोळू नये, हेही लोकांना कोणी सांगत नाही. मग ते मालिशवाल्याकडे जातात आणि वर अडाणी म्हणून बोलणीही आपल्याच डॉक्टरांची खातात. याचा मला मनस्वी संताप येतो.

राजभाषा अधिनियम 1964 चा आहे, 1960 मध्ये स्थापन झालेले भाषा संचालनालय परिभाषा कोश, म्हणजे शास्त्रीय शब्दांचे मराठी कोश, काढत आले आहे, 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि त्याचे सोहळे झाले. इतक्या वर्षांत हे शब्द कोशातून केसपेपरपर्यंत का आले नाहीत? रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळावी, असे रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिले आहे. रुग्णालयातील सही मात्र न वाचता येणाऱ्या संमतिपत्रावर घेतली जाते. ही सारी व्यवस्था रुग्णाला अंगठा उमटवणारा हात समजते. कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरांवर मी राग धरत नाही. एका रात्रीत त्यांच्यापुढे किती माणसे आडवी असतात ते मी पाहिले आहे. म्हणूनच त्यांना वेळ नसेल तेव्हा बोलणारा छापील कागद हवा.

हाडाची किंवा सांध्याची दुखापत घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याच्या दुखापतीचे निदान मराठीत लिहून द्यावे. त्याखाली ठळक अक्षरात छापावे: वेदना वाढत गेली, बोटे निळी, पांढरी, गार किंवा बधिर झाली, हलवता येईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता परत या. खाली चोवीस तास उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक असावा, आणि तो उचलणाऱ्याला ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. महापालिकेची रुग्णालये आपल्या खात्याच्या अखत्यारीत नाहीत, असे उत्तर मला नको. पालिका आयुक्तांशी आपण बोलावे आणि हा कागद कोणत्या तारखेपासून मिळेल, ते लेखी कळवावे.

आपला,
एक नागरिक, कुर्ला, मुंबई