मुदतवाढ मागावी, पण वेळापत्रकासकट

संपादक महाशय,

आरोग्य विम्याचे दावे ठरावीक साच्यातच ऑनलाइन पाठवा म्हटले, की छोटे दवाखाने ‘जरा वेळ द्या’ म्हणतात. मागणी रास्तच आहे. पण वेळ कसा मागावा, हे अमेरिकेने दाखवले होते. मी तेव्हा पुण्यात बसून तिकडच्या डॉक्टरांचे विम्याचे दावे भरून पाठवत असे, म्हणून लक्षात राहिले.

१९९६ च्या ‘हिपा’ या आरोग्य विम्याविषयीच्या कायद्याखालील ऑनलाइन दाव्यांचे प्रमाण नमुने बहुतेकांनी १६ ऑक्टोबर २००२ पर्यंत वापरात आणायचे होते. तयारी होईना, तेव्हा डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या संसदेने वर्षभराची सवलत दिली. ती मात्र मागणाऱ्यालाच. अर्जात उशिराचे कारण, खर्चाचा अंदाज, कामाचे टप्पे आणि बाहेरची कंपनी नेमणार का, हे लिहायचे. चाचणी १६ एप्रिल २००३ पर्यंत सुरू करायची. अर्ज मंजुरीसाठी अडकत नसे. ऑनलाइन भरला की पोचक्रमांक मिळे. (आपल्याकडे एवढ्यासाठी तीन हेलपाटे झाले असते!) पुढे मेडिकेअरने (तिथली मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना) कागदी दावे जवळपास बंद केले, तरी दहापेक्षा कमी पूर्णवेळ माणसे असलेल्या डॉक्टरांना सूट ठेवली.

आपल्याकडच्या दोन-तीन खाटांच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईच रात्री संगणकावर बसतात. त्यांना वर्षभर जरूर द्यावे, पण सोबत असा एक पानी आराखडाही घ्यावा. आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून तो आधी घ्यावा, कारण गाडी बहुतेकदा तिथेच अडते.

– एक वाचक, पुणे